शिमग्यातली नागली

पुण्याच्या प्रकाशकाचं कार्ड आलं तेव्हा १९९६ साल चालू होतं आणि ढुंढिराज गायधनी त्रेपन्न वर्षांचे होते. कार्डात एवढंच होतं की कादंबरी छापण्याचा विचार करता येईल, मात्र तत्पूर्वी त्या भागाची माहिती असलेल्या एखाद्या जाणकार वाचकाकडून हस्तलिखित तपासून घ्यावे. ढुंढिराज नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात हेड क्लार्क होते, त्यामुळे सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. कार्डावर त्यांनी सवयीने आवक क्रमांक टाकला.

कादंबरीचं नाव 'शिमग्याची कणसं'. नऊ वर्षं खपून लिहिलेली. पेठ तालुक्यातल्या डोंगरपाड्यावरची चिमणा, तिचं नागलीचं म्हणजे नाचणीचं रान, फाल्गुनात ऐन कापणीला आलेली कणसं, आणि शेवटच्या प्रकरणात होळीची ठिणगी उडून उभ्या पिकासकट जळालेला तिचा संसार. हे सगळं भाऊसाहेबांनी गंगापूर रोडवरच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून लिहिलं. त्यांनी पेठ पाहिलंच नव्हतं असं मात्र कोणी म्हणू नये. वलसाडला मेहुणीच्या लग्नाला जाताना एस.टी. पेठच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबली होती आणि त्यांनी खाली उतरून चहा घेतला होता.

टायपिंगचं काम ऑफिसातल्या मीना भोयेकडे आलं. आलं म्हणजे भाऊसाहेबांनी दिलं. वरिष्ठांच्या प्रतिभेला नाही म्हणण्याची तरतूद सेवानियमांत नाही. मीना पेठ तालुक्यातलीच, आश्रमशाळेत शिकून टायपिंगची परीक्षा देऊन लागलेली. तिने दोन महिने जेवणाच्या सुट्टीत चारशे पानं बडवली आणि शेवटच्या पानाला टाचणीने एक चिठ्ठी लावून दिली. नागली कार्तिकात कापून होते, शिमग्याला रानात कणीस नसतं, कृपया पाहावे, असं तिने लिहिलं होतं.

चिठ्ठी वाचून भाऊसाहेबांनी तिला बोलावून घेतलं आणि हे तिला कोणी सांगितलं असं विचारलं.

"सांगायचं काय त्यात, भाऊसाहेब? आमची स्वतःची नागली आहे," मीना म्हणाली. "दिवाळीनंतर कापून, झोडून घरात येते. मग लोक द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे उतरतात ते शिमग्यालाच परततात. तेव्हा रान उघडं असतं. तुमची होळी पेटली तरी जळायला तिथे काही नाही."

त्या संध्याकाळपुरते भाऊसाहेब प्रामाणिक झाले, हे मला त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. त्यांनी लाल पेन घेऊन दुरुस्तीचा प्रयत्न केला. कणसं कार्तिकात नेली तर होळी मागे राहते, आणि होळी ठेवली तर चिमणा उघड्या रानात नुसती उभी राहते. दुरुस्ती म्हणजे दोनशे पानं फाडणं. पत्नी मालिनीबाईंनी त्यांची अवस्था बघितली आणि उपाय सुचवला. त्या गंगापूर रोडवर महिलांचं वाचक मंडळ चालवत. त्यांचं म्हणणं असं, की प्रकाशकाने जाणकार वाचक मागितला आहे. टायपिस्ट मागितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब ठणठणीत होऊन ऑफिसात आले. शेरा बरोबर आहे की चूक हा प्रश्नच मुळात गैरलागू होता. शेरा मारणारी व्यक्ती शेरा मारण्यास सक्षम आहे काय, हे आधी ठरणं आवश्यक होतं. त्यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. अध्यक्ष डॉ. मयुरेश, ग्रामीण संवेदनेवर पीएच.डी. मिळवलेले प्राध्यापक. त्यांच्या प्रबंधाला साडेतीनशे तळटीपा होत्या आणि त्यातली एकही शेतात जात नव्हती. दुसरे सदस्य शेतीखात्यातून निवृत्त झालेले ललितराव, ज्यांची सगळी नोकरी जिल्ह्याच्या ठिकाणी गेली. तिसऱ्या मालिनीबाई, कारण महिला प्रतिनिधी लागतेच.

समितीची पहिली बैठक भाऊसाहेबांच्या घरी साबुदाणा वड्यांवर झाली. ललितराव म्हणाले की त्यांच्या आठवणीप्रमाणे नागली खरिपात येते, पण कादंबरी हा विषय शेतीखात्याच्या कक्षेत येत नसल्याने त्यांना मत देता येणार नाही. डॉ. मयुरेशांनी मीनाचा शेरा दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"या बाई ते जीवन जगल्या आहेत," ते म्हणाले. "तीच अडचण आहे. जगणाऱ्या माणसाला तटस्थता राहत नाही. जाणकार व्हायला अंतर लागतं."

अंतराच्या बाबतीत समितीतले तिघेही पुरेपूर पात्र होते. तरीही काम चोख व्हावं म्हणून स्थळपाहणीचा ठराव झाला, आणि कादंबरीत फाल्गुन असल्याने ती फाल्गुनातच करावी असं ठरलं. इथे माझा जीव थोडा भांड्यात पडला होता. शहाणी माणसं जागेवर जाऊन डोळ्यांनी बघणार, म्हणजे प्रश्न मिटला, असं मला वाटलं. मी मूर्ख होतो.

होळीच्या आदल्या दिवशी जीप मीनाच्याच पाड्यावर गेली. मीनाही बरोबर होती, कारण टिपणं घ्यायला कोणीतरी लागतं. डोंगराच्या अंगावर सगळी रानं उघडी पडलेली. नागलीचं एक ताट कुठे उभं नव्हतं. एका कोपऱ्यात मीनाची आई कुसाबाई शेणाच्या गोवऱ्या आणि पालापाचोळा पसरून राब भाजत होती. पावसाळ्यात ज्या वाफ्यात रोपं करायची, तो वाफा असा आधी भाजून ठेवतात.

भाऊसाहेबांनी तिला विचारलं, "बाई, नागलीची कणसं कुठे आहेत?"

"कनसा आता कुठची?" कुसाबाई म्हणाली. "ती खाऊन निम्मी सपली बी. ह्यो राब हाय. पाऊस आला का रोप टाकायचा, मंग रोपा उपटून आवनी, मंग दिवाळीच्या टायमाला कापायची. तुम्ही आठ महिने लवकर आले."

समोर अख्खा डोंगर उघडा पडलेला, आणि भाऊसाहेबांनी नजर खाली वळवून बुटावरची राख झटकली. खरं काय ते त्यांना त्या क्षणी पक्कं कळलं होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याला मी चूक म्हणत नाही, बदमाशी म्हणतो.

समितीचा अहवाल चार पानी होता. पाहणीच्या वेळी रानात पीक आढळून आले नाही, यावरून कापणी दोन-तीन दिवसांपूर्वीच उरकली असावी. एक स्थानिक महिला कापणीनंतरचा कचरा जाळताना प्रत्यक्ष दिसली, यावरून उपरोक्त निष्कर्षास पुष्टी मिळते. सदर महिलेकडून माहिती घेण्याचा प्रयत्न केला, तथापि तिचे बोलणे असंबद्ध वाटले. सबब कादंबरीतील चित्रण वास्तवास धरून आहे. हा अहवाल टाइप करायला मीनाकडेच गेला. तिने टाइप केला. या खेपेला चिठ्ठी लावली नाही.

कादंबरी थाटात निघाली. 'या लेखकाच्या नखात डोंगराची माती आहे' असं प्रस्तावनेत डॉ. मयुरेशांनी लिहिलं. अस्सल आदिवासी जीवनदर्शनासाठी तिला एका संस्थेचा पुरस्कार मिळाला. समारंभात कुसाबाईला साडी-चोळी देऊन सत्कार करायचा घाट होता, पण त्या दिवशी ती ओझरकडे द्राक्षाच्या बागेत होती. मग सत्कार मालिनीबाईंनी तिच्या वतीने स्वीकारला. पुस्तक २००१ साली बी.ए.ला लागलं.

त्याच वर्षी मीना बाहेरून बी.ए.ला बसली. वरच्या जागेसाठी पदवी हवी होती आणि ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी ती जागाच रद्द होणार होती. मराठीच्या पेपरात दहा गुणांचा प्रश्न आला: 'नागलीच्या पिकाच्या आधारे आदिवासींचे वार्षिक जीवनचक्र स्पष्ट करा.' एवढा सोपा प्रश्न तिला आयुष्यात कधी पडला नव्हता. राबापासून झोडणीपर्यंत एकेक महिना तिने नीट लिहिला. कापणी कार्तिक. शिमग्याला रान उघडं. निकालात ती चार गुणांनी नापास झाली. तिने उत्तरपत्रिका बघायला मागितली, आणि बरेच अर्ज केल्यावर ती दाखवण्यात आली. दहापैकी शून्य होतं आणि बाजूला लाल शाईत शेरा होता: 'विद्यार्थिनीस आदिवासी जीवनाची माहिती नाही. जाणकाराचे मार्गदर्शन घ्यावे.'

वरची जागा गेली. मीना अजून टायपिस्ट आहे. यंत्र बदललं एवढंच.

तुम्हाला भाऊसाहेबांचा राग आला असेल. मीनाच्या बाजूने तुम्ही मनात चार शब्द बोलला असाल, आणि त्या परीक्षकाला दोन शिव्याही दिल्या असतील. आता जरा उठा आणि तुमच्या कपाटातली ती पुरस्काराची पट्टी लावलेली प्रत काढा. शेवटचं प्रकरण उघडा. जिथे होळीच्या उजेडात पिकलेली कणसं डोलतात, त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे आणि समासात 'किती खरं' असं लिहिलेलं आहे. अक्षर ओळखा.