फोटो धुवायचा राहिला

एका जंगलात, बाळांनो, फोटोंची साथ आली होती. खरजेनंतरची ती दुसरी मोठी साथ. खरूज सगळ्यांना झाली होती, सिंहाला जरा जास्तच.

केसोबा अस्वलाने तर शहरातून पेटीच मागवली. पेटीवर लिहिले होते, 'घरच्या घरी फोटो धुवा'. आत पत्र्याचा डबा, औषधाच्या दोन बाटल्या, तांबड्या काचेचा कंदील आणि माहितीचे पुस्तक.

त्याची बायको गुंफाबाई म्हणाली, "धुवायचंच आहे ना? द्या इकडे. रिठे भिजवलेलेच आहेत."

"अगं अडाणी, हे धुणं वेगळं! यात जे असेल ते दिसायला लागतं."

"आमच्या धुण्यात जे असेल ते जातं. आता कुठलं बरं, ते तुम्हीच ठरवा."

बातमी सिंहाच्या कानावर गेली. त्याने ऐटीत बसून फोटो काढून घेतला.

"छान आला तर तुला राजचित्रकार करू," तो केसोबाला म्हणाला. "वाईट आला तर तुझं कातडं या सिंहासनावर अंथरू. बसायला फार टोचतं."

केसोबाने गुहेच्या तोंडाला घोंगडी लावली. पुस्तकाबरहुकूम फिल्म औषधात बुडवली, हलवली, वाळवली, मग कागदावर उतरवली. फोटो असा आला, बाळांनो, की काय सांगू! खरजेचे चट्टे मोजून अकरा. पडके सुळे दोन. नाकावरची माशीसुद्धा सुरेख.

सिंहाने फोटो पाहिला. "हा कोण म्हातारा बोका?"

कोल्हा लगेच सुरी पाजळायला बसला. तशातही शहाण्या केसोबाने पुस्तक उघडले. कातडे वाचवायचे पान त्यात नव्हते.

गुंफाबाई पुढे झाली. "रागावू नका महाराज, फोटो अजून धुवायचा राहिलाय!"

"धुतलाय की!" केसोबा ओरडला. मरतानाही मेला खरंच बोलणार!

"तुम्ही गप्प बसा हो!" म्हणत तिने फोटो ओढला, ओढ्यावर नेला, रिठा चोळला आणि दगडावर दणादण आपटला. चट्टे गेले. सुळे गेले. माशी गेली. राजाही गेला. पांढराफटक कागद तेवढा उरला.

सिंह बराच वेळ कागद न्याहाळत राहिला.

"हं," तो म्हणाला. "आता कसे आम्ही वाटतो!"

गुंफाबाई राजचित्रकार झाली. पत्र्याच्या डब्यात तिने कैरीचे लोणचे घातले. केसोबा हल्ली रिठे फोडतो. कातडे अंगावर आहे.

तात्पर्य : फोटोत जे आहे ते स्पष्ट दिसत असेल, तर फोटो धुवायचा राहिला आहे असे समजावे.