मुंगीसाठी खोका

आमच्या कारकुनानं त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा काढली, आणि तिथंच त्याचं चुकलं. कचेरीत थांबला असता तर नुसत्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या असत्या. वीजबिलांच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीमागे त्याची सगळी नोकरी गेली होती. (खिडकीपलीकडचा माणूस कितीही तापला तरी आपण नुसती मान हलवायची, एवढी एकच विद्या त्यानं कमावली होती. घरीही तो तीच वापरायचा.)

पण हल्ली घरात मान हलवून भागत नव्हतं. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि जाताना आपली कुत्री बापाच्या गळ्यात मारून गेली. कुत्रीचं नाव मुंगी. (आली तेव्हा तळहातावर मावायची. आता ती सोफ्यावर बसली की माणसं उभी राहत.) मुलीची खोली रिकामी झाली न झाली तोच सासरे राहायला आले. नाना निवृत्त पोस्टमास्तर. एकट्यानं राहणं झेपेना, म्हणून घर विकून लेकीकडे आले. लेक, म्हणजे आमच्या कारकुनाची बायको, नेमकी त्याच सुमारास शाळेची मुख्याध्यापिका झाली आणि घरी फक्त झोपायला येऊ लागली. या सगळ्या धांदलीत गल्लीतल्या शिंप्याच्या कुत्र्यानं कधी डाव साधला, कुणाला कळलंच नाही. मुंगी गाभण राहिली.

"दिवस भरत आलेत हो तिचे," बायको सकाळी चपला सरकवता सरकवता म्हणाली. "काहीतरी सोय करा. मला आज मीटिंग आहे."

"मला कुठं काय येतं त्यातलं?"

"मला तरी कुठं येतं? डॉक्टरीणबाईंना फोन करा. आणि नानांशी जरा बोलत जा. फार गप्प असतात."

म्हणून ती अर्धी रजा. जेवण उरकून त्यानं मधल्या खोलीतून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फोनमध्ये खरखर फार. ऐकण्यात चूक नको म्हणून बाई सांगतील ते तो मोठ्यानं परत म्हणू लागला. पलीकडच्या खोलीत नाना पेपर वाचत होते. त्यांचा डावा कान कामातून गेलेला. उजवा मात्र असा, की 'जेवायला चला' कधी ऐकू यायचं नाही आणि नको ते भिंतीपलीकडूनही यायचं.

"हो, हो... कोपऱ्यात हलवायचं. खाली जुने पेपर. म्हणजे घाण झाली तरी उचलून टाकता येते. बरं... ताप रोज बघायचा. तोंडात नाही? मग? मागून? अरे देवा! हो हो, तोंडात चावतात, खरंय... वजन ना? बरंच वाढलंय. खाणं दिवसभर चालूच असतं... कण्हण्याचा आवाज आला तरी लगेच धावायचं नाही. समजलं... आणि मग दीड-दोन महिन्यांनी चांगलं घर बघून देऊन टाकायचं. छे छे, आम्ही कुठं ठेवणार? आधीच घरात गर्दी झालीय."

पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. नाना जरा आडवे झाले असतील, असं कारकुनाला वाटलं.

बाईंनी खोका करायला सांगितला होता. फळ्या आणायला बाजारात जायचा त्याला कंटाळा आला. (कंटाळा हा त्याचा मूळ स्वभाव. थकवा नंतर त्यावर चढला.) बायकोच्या कपाटातल्या फळ्या जरा हलवल्या की निघत. त्यानं त्या काढल्या, कपड्यांचे ढीग पलंगावर ओतले आणि खिळे तोंडात धरून ठोकाठोक सुरू केली. तेवढ्यात नाना दारात येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय, जावईबापू?"

"खोका." कारकुनानं खिळे तोंडातून काढले. "एका जागी निवांत पडून राहता येतं."

नानांनी खोक्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. "आखूड नाही होणार?"

"पाय दुमडायचे की."

"कडा बऱ्याच उंच घेतल्यात."

"मुद्दाम. उठून घरभर हिंडणं नको."

"झाकण?"

"झाकण कशाला, नाना?" कारकून हसला. "गुदमरायला होईल."

"एवढा विचार केलात. आभारी आहे," असं म्हणून नाना आत गेले.

कारकुनाला फार बरं वाटलं. नानांशी बोलणंही झालं, आणि या घरात कुणीतरी आपले आभारही मानले. पुढचा खिळा त्यानं शीळ घालत ठोकला. (वाकडा गेला.)

थोड्या वेळानं आतून हाक आली. "जावईबापू! अहो, धावा! ही बघा काय करतेय!"

तो हातातल्या हातोड्यासकट धावला. नाना बाहेरच्या कपड्यांत, बूट घालून, दाढीचा ब्रश हातात धरून उभे होते. ब्रश आणायला न्हाणीघरात गेले तेवढ्यात घात झाला होता. जमिनीवर त्यांची मोठी बॅग उघडी. पार्सल बांधावं तशा घड्या घातलेले सदरे, वर लोकरीचा कोट, आणि कोटावर मुंगी. धापा टाकत होती. पुढच्या पायांनी उकरून तिनं सदऱ्यांची छान गादी केली होती.

"आधी तो हातोडा खाली ठेवा," नाना म्हणाले.

"पण नाना, बॅग कशाला भरलीत? कुठं निघालात?"

"तुम्ही देऊन टाकायच्या आत आपणच गेलेलं बरं. त्या थर्मामीटरपर्यंत थांबायची तर माझी मुळीच तयारी नाही."

कारकुनाच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागतो. एकेक दिवा लागत गेला तसा तो खाली खाली बसत गेला, तो थेट फरशीवर टेकला.

"नाना, तो फोन कुत्रीचा होता हो!"

"कुत्रीनं फोन केला?"

"कुत्रीसाठी! खोकापण कुत्रीसाठी. ताप कुत्रीचा. देऊन टाकायची ती पिल्लं!"

"आणि गर्दी?"

इथं कारकुनानं सवयीनं मान हलवली. पण नाना खिडकीपलीकडचे नव्हते. ते उत्तराची वाट बघत राहिले.

"गर्दी झालीय, हे खरंय," शेवटी तो म्हणाला. "पण जाऊ नका, नाना. ती शाळेत, पोरगी परगावी. मला हे सगळं एकट्याला नाही झेपत."

नाना पलंगाच्या कडेवर बसले. ब्रश हातातच होता. "कुठं जाणार होतो? स्टँडवर जाऊन बसायचं, एवढंच ठरवलं होतं. पुढचं सुचलंच नव्हतं."

कारकुनानं नानांच्या बुटाच्या नाड्या सोडायला घेतल्या. दुसरा बूट निघायच्या आतच मुंगी कण्हली आणि पहिलं पिल्लू कोटाच्या बाहीवर आलं.

"आता काय करायचं?" नाना ओरडले.

कारकुनानं फोन लावला. बाई म्हणाल्या, "काहीही करू नका. नुसतं बसून राहा." एवढ्या वर्षांच्या नोकरीत ज्याची पूर्ण तयारी झाली होती असं काम अखेर त्याच्या वाट्याला आलं होतं. दोघं जण फरशीवर शेजारी शेजारी बसून राहिले. दुसरं पिल्लू आलं तेव्हा नानांनी त्याचा हात घट्ट धरला. तिसऱ्याला नाना स्वतःशीच हसले आणि म्हणाले, "कोट गेला कामातून." असं म्हणताना ते अगदी खुशीत दिसत होते.

संध्याकाळी बायको आली. आधी तिला पलंगावर आपले कपडे दिसले, मग फळ्या नसलेलं कपाट, मग रिकामा खोका, मग बॅगेत कुत्री आणि पिल्लं. पर्स टाकून ती वडिलांशेजारी फरशीवर बसली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. नाना तिला एकेक पिल्लू दाखवू लागले. बॅग कशासाठी भरली होती, ते दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही.

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. फोन टेबलावर टेकवून सगळे समोर जमले.

"अय्या, मुंगे! माझी शहाणी गं ती! नाना, किती छान दिसताय तुम्ही! तुम्ही होतात म्हणून निभावलं. आई, दमलीस ना गं? जा, जरा पड."

कारकुनानं पोट आत घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि आपली पाळी यायची वाट बघत उभा राहिला.

"आणि बाबा..."

"बोल, बेटा." त्याचा आवाज भरून आला.

"जरा सरका ना बाजूला. काही दिसतच नाहीये तुमच्यामुळे."

कारकून सरकला.