कुंदाताई दुभाषी

पेणच्या दवाखान्यात एकदा आमच्या शेजारच्या कुंदाताई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "डॉक्टर, दाढी करताना मला कापलं, ते चिघळलंय." डॉक्टर नवे होते. त्यांनी चष्मा सावरून ताईंची हनुवटी न्याहाळली. मग शेजारी बसलेल्या मधूने आपला गाल पुढे केला.

मधू म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलणंही नाही. पेणजवळच्या जोहे गावात, मूर्तींच्या कारखान्यात गणपतींचे डोळे रंगवतो. त्याच्या हातांची भाषा जगाला सांगायची आणि जगाची त्याला, हे ताईंचं आयुष्यभराचं काम. पूर्वी त्या ते ऐसपैस करायच्या. कंडक्टर एक वाक्य ओरडला की मधूला कंडक्टरची कुंडलीच मिळायची. मग ताईंनी मुंबईच्या एका संस्थेचा, दुभाष्यांसाठीचा टपालाने शिकायचा अभ्यासक्रम घेतला आणि व्हिडिओ कॅसेटी येऊ लागल्या. व्हीसीआर आळीत फक्त आमच्याकडे. माझ्या रविवारच्या क्रिकेटचं वाटोळं झालं. सरावासाठी त्या माझी बायको फोडणीत काय घालतेय हेसुद्धा हातांनी सांगत बसत.

कॅसेटने शिकवलं की समोरच्याचं बोलणं ‘मी’ म्हणूनच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. "वजा नाय, बेरीज नाय," ताई येता-जाता ऐकवत. मधूला कुणी शिवी दिली तर तीही पूर्ण पोचवत. मला हे अतीच वाटे.

मग रोह्याचं स्थळ आलं. मुलगी जोह्याला मूर्ती बघायला आली होती, तिला मधू पसंत होता. याआधीची सगळी स्थळं मुलगा बोलत नाही म्हणून परत फिरली होती, त्यामुळे ताईंचा सगळा जीव या लग्नात अडकलेला. त्यांच्याबरोबर मीही रोह्याला गेलो. मुलीचे वडील कंपनीत कामाला, डबा हातात घेऊन शिफ्टला निघायच्या बेतात.

पोहे झाल्यावर ते मधूला म्हणाले, "एकच इचारतो. लगीन झाल्यावर बहीण तुमच्याकडंच ऱ्हानार काय? घरात सासू नाय म्हनून तर आमी बघाय तयार झालो."

मी ताईंकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनी जरा मऊ केलं असतं तर त्या खोलीत कुणाला कळणार होतं? पण त्यांचे हात चालले, सासूसकट.

मधू लाल झाला. त्याने भराभरा हात हलवले. ताई सरळ आवाजात बोलू लागल्या, "मी ल्हान असताना आई गेली. ताईला स्थळं येत व्हती, माझ्यापायी ती नाय म्हनाली. ती माझ्याच घरात ऱ्हानार. चालत नसंल तर मी उठतो."

जुळत आलेलं लग्न ही बाई स्वतःच्या तोंडाने मोडत होती. मला तिचा राग आला.

मुलीचे वडील आता ताईंकडे वळले. मग म्हणाले, "त्याचं कळलं. पन ताई, तुमाला काय वाटतं?"

ताईंनी तो प्रश्न सवयीने हातांनी मधूला विचारला. मधूने मान हलवली आणि बोट त्यांच्याकडेच दाखवलं.

"मला?" ताई म्हणाल्या. चाळिशी उलटलेली ती बाई पोह्यांच्या बशीपुढे पदर तोंडाला लावून रडायला लागली.

वडिलांनी डबा खाली ठेवला आणि आतल्या खोलीकडे वळून मुलीला हाक मारली, "तुज्या नणंदेला पानी आन गो."