शेवटून वाचणारे अण्णा

आमचे अण्णा वर्तमानपत्र शेवटच्या पानावरून वाचायला घेतात, यात विशेष काही नाही. कुस्तीची बातमी तिथं असते म्हणून निम्मं कोल्हापूर तसंच वाचतं. पण अण्णा लग्नाची पत्रिकासुद्धा खालून वर वाचतात. लग्नाला गेले की नवरा-नवरीला भेटायच्या आधी मांडववाल्याला गाठतात. "सोडणार कवा हे? कोण सोडणार? बांबू मोजून नेणार न्हवं?" त्याची खात्री पटली की मग अक्षता. जोतिबाला आम्ही एकदा त्यांना घेऊन गेलो, तर देवळात पाऊल टाकायच्या आधी परतीची एसटी कुठून सुटते याची चौकशी. तिथल्या नारळवाल्यानं वैतागून विचारलं, "पावणं, आलाय कशाला मग?"

तरुणपणी एकदाच ते मुलगी बघायला गेले होते, मलकापूरला. पोहे झाले, चहा झाला, मुलगी येऊन पाटावर बसली. काय विचारायचं ते विचारा म्हटल्यावर अण्णांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "समजा न्हाईच पटलं, तर सुटायचं कसं?" वडील तालमीतले होते. पुढचं सगळं अण्णांच्या वहिनी फार रंगवून सांगतात, पदर तोंडाला लावून. अण्णा तेव्हापासून राजारामपुरीत भावाच्या घरी वरच्या खोलीत राहतात, एकटे.

आता हा काय प्रकार, तर सगळा दोष ड्रायव्हरचा. गाडीवरचा नव्हे. कॉम्प्युटरला तुम्ही एखादं नवं उपकरण जोडता, तेव्हा त्याची भाषा कॉम्प्युटरला समजावून सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम लागतो, तो ड्रायव्हर. आणि सगळ्या प्रणालीचा जो गाभा असतो, तो कर्नल. आम्ही ज्या कर्नलचं काम करतो तो ओपन सोर्स, म्हणजे कुणाच्या मालकीचा नाही. जगातल्या कुणीही ड्रायव्हर लिहावा आणि मेलवर पाठवावा. पण पाठवला म्हणजे आत गेला असं नाही. आधी कुणीतरी तो ओळ न् ओळ वाचतो, चुका काढतो आणि चारचौघांत परत पाठवतो. लिहिणारा सुधारून दुसरी आवृत्ती पाठवतो. मग तिसरी. याला म्हणतात रिव्ह्यू. तापमान मोजणाऱ्या उपकरणांच्या खात्यात हे रिव्ह्यूचं काम कैक वर्षं आमचे अण्णा करतायत. पगार नाही, पाटी नाही, गल्लीत कुणाला पत्ता नाही.

पद्धत त्यांची ठरलेली. ड्रायव्हर उघडला की थेट तळाला जायचं. "निघताना काय करतोस ते दाव आधी." उपकरण काढून घेतलं की ड्रायव्हरनंही निघायचं असतं, आणि निघताना घेतलेली जागा परत करायची, उघडलेली दारं लावायची, लावलेले गजर बंद करायचे. "येताना सगळी झोकातच येत्यात गं," अण्णा म्हणतात, "जाताना पसारा टाकून जात्यात." तो पसारा त्यांना अजिबात खपत नाही. ओळीच्या शेवटी चुकून एखादी मोकळी जागा राहिली, डोळ्याला न दिसणारी, तरी त्यांना ती घावते. तिला ते शेपूट म्हणतात. ती पकडायला आता हत्यारं निघालीत, पण अण्णांनी तो मान त्यांना दिलेला नाही. इंग्रजी मेलमध्येसुद्धा ते शेपूट काप एवढंच लिहितात. परदेशातल्या एका सज्जनानं फार काळजीनं विचारलं होतं, तुमच्याकडे कुठला प्राणी आहे म्हणून.

मी त्यांच्या क्लासमधली. सायकलच्या दुकानावर पत्र्याची खोली होती, चपला बाहेर काढायच्या, आणि प्रत्येक कॉम्प्युटरला वहिनींनी शिवलेलं फुलाफुलांचं झबलं होतं. आधी ते काढून घडी घालायची, मग बटण. मोडेम कुईकुई करत जोडला जायचा आणि खालचा सायकलवाला ओरडायचा, "अण्णा, मांजर बघा कुठं अडकलंय." लाईट गेली तरी क्लास सुटायचा नाही. "आता डोक्यात चालव," अण्णा म्हणायचे, आणि आम्ही अंधारात, पत्र्याच्या उकाड्यात, डोक्यात प्रोग्रॅम चालवायचो. क्लास सुटला की गंगावेशला दूध कट्ट्यावर. समोर म्हशीची धार काढून फेसाळ पेला हातात यायचा. आम्ही एका दमात प्यायचो. अण्णा मात्र रिकामा पेला कुठं ठेवायचा ती जागा आधी हेरायचे, मग ओठाला लावायचे. असं दूध मी पुन्हा कुठं प्यायले नाही, आणि इतकी हसलेही नाही.

पुढं क्लास बंद पडला. पोरं पुण्याला, बेंगळुरूला, त्याच्याही पलीकडे गेली. मी एकटी कोल्हापुरात राहिले, दूध थंड करणाऱ्या टाक्यांच्या यंत्रणेचं काम बघते. पण ड्रायव्हर आम्ही सगळे अजून लिहितो आणि तो अण्णांकडेच जातो.

मधे एकदा आमच्यातल्या एकानं असा ड्रायव्हर पाठवला की त्यात चूकच नव्हती. अण्णांनी तो शेवटून वाचला, सुरुवातीपासून वाचला, आणि लिहिलं, "दोष नाही." झालं. दुसऱ्या दिवशी मला वहिनींचा फोन. "शाले, काय पाठवलंय गं त्या मेल्यानं? भावजी जेवंना झालेत."

तेव्हापासून आमच्यात एक रीत पडली. अण्णांकडे काही पाठवायचं तर त्यात एक चूक ठेवायची. कुणाचं काही बिघडू नये अशी, बहुतेक शेपूटच. जेवायच्या आधी गाईला घास काढून ठेवतात तसा आम्ही हा अण्णांचा घास काढायचो. शेपूट सापडलं की अण्णा खुशीत. वहिनी सांगायच्या, आज एक भाकरी जास्त गेली. आम्ही फोनवर एकमेकांना विचारायचो, घास कुठं ठेवलास? आणि हसायचो. फार गुणाची पोरं आम्ही, असं आम्हाला वाटायचं.

यंदा उद्यमनगरातल्या इकबालभाईंनी एक कार्ड बनवलं. दुधाच्या टाकीत तार सोडायची, कार्ड कॉम्प्युटरला लावायचं, तापमान समोर. चंदगडकडच्या डेअऱ्यांना ते हवंच होतं. ड्रायव्हर कर्नलमध्ये गेला की कुठल्याही कॉम्प्युटरला कार्ड नुसतं लावलं की चालणार. इकबालभाई रोज विचारायचे, "म्याडम, आत गेलं काय? नुसतं बसून हाय की हो कार्ड."

मी ड्रायव्हर लिहिला. खरं सांगायचं तर लिहिण्यापेक्षा जास्त वेळ मी घास कुठं ठेवावा यात घालवला. नेहमीच्या जागी नको, जरा अवघड हवा, अण्णांना मजा आली पाहिजे. मधल्याच एका ओळीला शेपूट लावलं आणि पाठवून दिला. संध्याकाळी उत्तर आलं. "शेपूट काप. बाकी झकास." खाली "वाचलं, पसंत" असा शेरा आणि अण्णांचं नाव.

पुढं पाठवायच्या आधी चंदगडच्या एका डेअरीत तो चालवून बघितला. आता तिकडचा पाऊस म्हणजे भिंतींना घाम. तिथल्या सेक्रेटरींची पद्धत अशी की थोड्या थोड्या वेळानं कार्ड उपसायचं, शर्टाला पुसायचं आणि परत लावायचं. त्यांनी कार्ड उपसलं, आणि मला फोन. "म्याडम, थंड पडलं की."

"छान झालं की. किती डिग्री?"

"दूध न्हवं ओ. कॉम्प्युटर."

मी ड्रायव्हर उघडून थेट तळाला गेले. तापमान घ्यायला दर थोड्या वेळानं वाजणारा एक गजर मी लावला होता. निघताना तो बंदच केला नव्हता. कार्ड गेलं, ड्रायव्हर गेला, गजर मात्र रिकाम्या घरात वाजला आणि त्यासरशी सगळं यंत्र बसलं. निघतानाची चूक, ज्या एका गोष्टीसाठी अण्णा जगाला ताप देतात, तीच. आणि खाली अण्णांचं नाव.

मी दुरुस्ती पाठवली, चूक माझी असं लिहिलं. अण्णांकडून एक अक्षर आलं नाही. तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. अण्णा खिडकीपाशी बसले होते, कॉम्प्युटर बंद, आणि त्यावर ते जुनं फुलाफुलांचं झबलं घातलेलं.

"गजर ऱ्हायला," अण्णा म्हणाले.

"माझीच चूक अण्णा."

"तुझी हायच. पण वाचलं कुणी? शेवटून वाचतो म्हणून मिरवतोय मी, आन् शेवटाला गेलोच न्हाई."

"असं कसं झालं?"

"शेपूट हुडकत बसलो. तुम्ही पोरं कुठंतरी ठेवताय म्हटल्यावर आधी तेच हुडकायची सवय लागली बघ. घावलं की बरं वाटतंय. मग पुढचं नुसतं नजरंखालनं जातंय."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"एवढी शिकलेली पोरं तुम्ही. सगळ्यांची चूक एकाच जातीची, आन् दर खेपंला एकच? न कळाय काय झालं?" अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "पयल्यांदा राग आला. मग म्हटलं, ठेवत्यात तर ठेवू देत. आठवण ठेवून ठेवत्यात की."

मला रडूच आलं. आणि स्वतःचा रागही आला. इतक्या प्रेमानं आम्ही या माणसाची नजर अधू करून ठेवली होती.

"आता नाव काढतोय माझं," अण्णा म्हणाले. "वेळच्या वेळी निघावं."

मी पुष्कळ समजावलं, भांडलेसुद्धा. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल हजर. कर्नलमध्ये कुठलं खातं कोण सांभाळतं याची नोंद असते. आमच्या खात्यात आधी अण्णांचं नाव, त्याखाली मदतनीस म्हणून माझं. त्यांनी आपली ओळ काढली होती आणि माझी वर घेतली होती. पण हाही शेवटी बदलच, त्याचाही रिव्ह्यू लागतो. आणि खात्यात उरले मी. मी पसंत लिहिलं की अण्णा सुटले. मग त्या वरच्या खोलीत त्या माणसानं सकाळी उठून करायचं काय, हे मला कुणी सांगेना. वहिनींचा फोन येऊन गेला. "शाले, काय ते कर बाई. कालपास्नं ताट परत येतंय."

मी वाचायला बसले. सवयीनं शेवटून. आणि माझ्या नावाच्या ओळीला, अगदी टोकाला, शेपूट होतं.

अण्णांच्या हातून आजवर शेपूट राहिलेलं नाही. आम्ही पोरं त्यांच्या ओळी भिंगानं तपासायचो, कधी सापडलं नाही. मी किती तरी वेळ ती मोकळी जागा बघत राहिले. मग चारचौघांत, त्यांच्याच थाटात उत्तर लिहिलं. "शेपूट कापा. दुसरी आवृत्ती पाठवा."

दुसरी आवृत्ती आली. शेपूट कापलेलं होतं, पण मधे एक रिकामी ओळ जास्त होती. मी परत पाठवली. तिसरीत आणखी काही. तोवर नाव निघालेलं नाही म्हटल्यावर बाकीच्यांचे ड्रायव्हर येतच राहिले आणि अण्णांना ते वाचणं भाग पडलं. पोरांना मी दम भरला, घास बिस बंद, जे पाठवाल ते चोख पाठवा. माझा ड्रायव्हर अण्णांनी पुन्हा मागून घेतला, तळापासून वर वाचला, आणि एक चूक काढली. खरीखुरी, माझ्या बापजन्मी लक्षात आली नसती अशी. ती सुधारली तेव्हाच तो आत गेला. इकबालभाईंनी उद्यमनगरात पेढे वाटले, आणि चंदगडचे सेक्रेटरी आता कार्ड खुशाल उपसतात, पुसतात आणि लावतात.

अण्णांची राजीनाम्याची आवृत्ती अजून येते. मी वाचते, चूक काढते, परत पाठवते. आम्ही त्यावर समोरासमोर कधी बोललो नव्हतो. परवा त्यांना गंगावेशला दूध प्यायला नेलं, तेव्हा मला राहवलं नाही.

"अण्णा, पुढची आवृत्ती जरा नीट पाठवा. असं केलंत तर सुटायचं कसं तुम्ही?"

अण्णांनी आधी पेला ठेवायची जागा बघून घेतली. मग सावकाश दूध प्याले, पेला नेमका तिथं ठेवला आणि मिशी पुसली.

"पाठवणाऱ्याचं सोड. वाचणारीनं नीट वाचाय पायजे. कालच्यात दोन हुत्या. तुला एकच घावली."

घरी आले, चप्पल काढली आणि कालची आवृत्ती परत शेवटून वाचायला घेतली.