सायकलवरून न उतरणारे सुपडूभाऊ

सुपडूभाऊ त्यांच्या वजनामुळे पडले नाहीत. धुळ्यातल्या जुन्या माणसांना विचारलंत तर ती अजून हसत हसत सांगतील की वजनामुळेच पडले. त्यांचा दोष नाही. त्यांना तसं मीच सांगितलं होतं, लाउडस्पीकरवरून, भर मैदानात. खरं काय झालं ते मला तेव्हाही ठाऊक होतं आणि मी ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

पण सुपडूभाऊ कोण, हे आधी सांगायला हवं.

सुपडूभाऊ सायकलवरून उतरत नसत. नोकरी जकात नाक्यावर. भुईमुगाची गाडी आली की भाऊ सीटवर बसल्या बसल्या एक पाय नाक्याच्या कठड्याला टेकवत, मान लांब करून गाडीत डोकावत आणि पावती फाडत. बाजारात भाजीवाली हात उंच करून वांगी त्यांच्या पिशवीत टाकी. दाढी करायची तर न्हावी दुकानाच्या ओट्यावर उभा आणि भाऊ खाली रस्त्यात, सायकलवर. लग्नाला गेले तर मांडवाच्या दाराशीच थांबत आणि मंगलाष्टकं संपली की पुढच्या दोन रांगांच्या डोक्यांवरून अक्षता फेकत. त्यांच्या अक्षता नवऱ्यामुलापर्यंत कधी पोचल्या नसतील, पण मागच्या रांगेतल्या बऱ्याच टोप्यांना त्यांचा आशीर्वाद लाभला.

देह मात्र मोठा होता. मी 'जाड' म्हणत नाही, कारण भाऊंना तो शब्द मान्य नव्हता. "मी जाड नही शे भो, भरेल शे," असं ते म्हणत. गाडी भरलेली असते, पोतं भरलेलं असतं, तसे भाऊ भरलेले.

गावाला त्यांच्याशी बोलायला दुसरा विषय नव्हता. कापडाच्या दुकानातले शेटजी विचारत, "भाऊ, सदऱ्याला मीटरनं देऊ का कापडाची अख्खी गाठच उघडू?" शिंपी म्हणे, "उद्या या, टेपला टेप जोडून ठेवतो." नाक्यावर गाडी थांबली की एसटीचा कंडक्टर खिडकीतून भाऊंना बघून दोन तिकिटं फाडायचं नाटक करी. भाऊ सगळ्यांच्या आधी हसत. शेटजींचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं हसू सुरू झालेलं असे, आणि वर म्हणत, "गाठच दे ना भो, उरनं ते तुन्हा तंबू करसू." मला वाटे, काय खुशमिजाज माणूस आहे.

एकदा चहाच्या गाडीपाशी मी त्यांना सरळ विचारलं, तुम्ही उतरत का नाही? त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "खाले उतरनू का लोके मन्हं पोट देखतंस. वर ऱ्हायनू का सायकल देखतंस." आणि हसले. मीही हसलो. तेव्हा मला हसण्यापलीकडे काही सुचत नसे.

एक गोष्ट गावाने कधी बोलून दाखवली नाही. भाऊ सुटीच्या दिवशी सायकलवर साक्रीला, म्हणजे जाऊन-येऊन साठ-सत्तर मैल, जात आणि संध्याकाळच्या आत परत येत. काही काम नसे. "जरा साक्रीले जाई येस," असं ते आपण पानाच्या ठेल्यावर जाऊन येतो म्हणावं तसं म्हणत. आमच्या गल्लीतला एक तालमीतला पैलवान हौसेने त्यांच्याबरोबर निघाला, तो वाटेतल्या कुसुंब्याच्या अलीकडेच झाडाखाली बसला आणि येणाऱ्या ट्रकमधून परतला. यावर गाव काय म्हणालं? "सायकल दणकट आहे हो भाऊंची."

त्या वर्षी गावात बाहेरगावचा एक सायकलवीर आला. त्या काळी असे लोक गावोगाव फिरत. मैदानात दोरी बांधायची आणि आठवडाभर सायकलवरून न उतरता गोल गोल फिरत राहायचं. खाणं, आंघोळ, दाढी, सगळं फिरता फिरता. बाकीच्या गरजांचं काय, या प्रश्नाचं उत्तर एका कोपऱ्यातल्या कनातीमागे असे. हा सायकलवीर काडीसारखा होता. लोकांनी त्याला हार घातले. सुपडूभाऊ रोज संध्याकाळी दोरीच्या बाहेर, अर्थात सायकलवर, उभे राहून त्याच्या पायांकडे बघत. तो गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी गल्लीच्या मंडळाला सांगितलं, "मी बी करसू. बाजारपासून बाजारलोंग."

एका आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत. मंडळाची पोरं आधी हसली, मग खूश झाली.

मी तेव्हा लाउडस्पीकरच्या दुकानात होतो. टांग्यात बसून सिनेमाच्या जाहिराती ओरडायचो. अंगाने इतका वाळका की टांगेवाला म्हणे, तुझ्यामुळे घोड्याला फरक पडत नाही. पण आवाज होता, आणि त्या आवाजाचा माज होता. मैदानातला माइक माझ्याकडे आला. आदल्या दिवशी भाऊ दुकानापाशी आले, पायरीला पाय टेकवला आणि पहिल्यांदाच न हसता बोलले.

"वसंता, तू बोलस चांगला. एकदाव लोकेस्नी मन्हा पायेसकडे देखाले पाहिजे. तेवढं कर."

मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही काळजीच करू नका."

पहिल्या दिवशी सकाळी मैदानात मोजकी माणसं होती. भाऊ शांतपणे फिरत होते, पायांची लय अशी की बघत राहावं. मी सांगत होतो, बघा, हे पाय साक्रीचा चढ रोजच्यासारखा चढतात. कोणी ऐकत नव्हतं. दुपारी वहिनींचा डबा आला. वहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी. पुरुषांच्या त्या गर्दीत त्या येणार नव्हत्या, म्हणून मंडळातलं कोणीतरी घरून डबा आणून माझ्या टेबलावर ठेवायचं, मी उघडायचा आणि भाऊ वळून आले की हातात एकेक घास द्यायचा, असं ठरलं होतं. डब्यात बट्ट्या होत्या. गव्हाच्या, खरपूस भाजलेल्या, तुपात बुडवलेल्या. खालच्या कप्प्यात वरण.

मी पहिली बट्टी दिली. दुसरी दिली. आणि माइक समोर होताच. माझ्या तोंडून निघालं, "मंडळी, दुसरी बट्टी आत गेली. मागच्या टायरमध्ये हवा भरून घेऊ का?"

मैदान हसलं. तिसऱ्या बट्टीला मी म्हणालो, "बाजूच्यांनी सरका, वळणावर भाऊंना जागा लागेल." आणखी हसलं. भाऊही हसले, सगळ्यांच्या आधी. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी मी पुकारलं की एवढ्या पाण्याने भागणार नाही, आगीचा बंब मागवला आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान फुल्ल होतं. लोक भाऊंना जेवताना बघायला आले होते. शेटजी आले, शिंपी आला. पोरं झाडावर चढली. लाउडस्पीकरच्या दुकानाचे मालक मला म्हणाले, "जमवलंस." माझी छाती फुगली, जेवढी फुगण्यासारखी होती तेवढी.

मी डबा उघडला आणि बट्टी पुढे केली. भाऊ जवळ आले, माझ्या हाताकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि न घेता पुढे गेले. पुढच्या फेरीला हळूच म्हणाले, "माले भूक नही."

त्याच्या पुढच्या फेरीला म्हणाले, "तू खाई टाक. डबा भरेल गया ते ती घाबरी जाई."

मी तो डबा कनातीमागे नेला आणि खाल्ला. मला भूक होती. चार बट्ट्या होत्या, त्या चारही खाल्ल्या, वरण पिऊन टाकलं, आणि तोंड पुसून माइकवर आलो. मी काय खाल्लं ते कोणी मोजलं नाही. वाळक्या माणसाचे घास कोणी मोजत नाही.

रिकामा डबा घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्यात एक बट्टी जास्त आली.

मग रोज तसंच झालं. भाऊ चहा घेत, लिंबूपाणी घेत, कोणी फारच आग्रह केला तर केळ्याचा तुकडा. मंडळाच्या पोरांना काही शंका आली नाही, कारण डबा रिकामा जात होता. मला दिसत होतं. त्यांच्या गालांवरचा रंग उतरत होता, हँडलवरची बोटं सैल होत होती. एकदा मी म्हणालो, "भाऊ, गर्दी कमी असते तेव्हा, सकाळी सकाळी खा ना." त्यांनी मान हलवली. "तवय बी कोनी ना कोनी ऱ्हास."

मला एवढंच करायचं होतं की माइक बंद करायचा. किंवा लोकांना सांगायचं की जेवणाच्या वेळी जरा पाठ फिरवा. मी काय केलं? त्यांनी खाल्लं नाही तरी मी विनोद केले. डबा उघडून आत बघायचो आणि म्हणायचो, "मंडळी, कालच्यापेक्षा एक जास्त." गर्दी टिकवायची होती. आणि खरं सांगायचं तर, ते हसणं माझ्यासाठी आहे असं मला वाटत होतं.

शेवटच्या दिवशी बाजार भरला होता. हार आणले होते, बँडवाले तयार होते. बाजारातली माणसं पिशव्या घेऊन दोरीला चिकटून उभी होती. भाऊ वळणावर आले आणि पाय थांबले. सायकल दोन-तीन हात आपोआप पुढे गेली, मग कलंडली. ते पडले तेव्हा आवाजही फारसा झाला नाही. पुढचं चाक वाकडं झालं होतं.

सगळ्या मैदानाची तोंडं माझ्याकडे वळली. माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "मंडळी, सायकलने हात टेकले. भार सोसवला नाही तिला."

मैदान हसलं. भाऊ मातीत आडवे होते, डोळे उघडे. पोरांनी त्यांना उचलून बसवलं. मी जवळ गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताला तूप-वरणाचा वास नव्हता, तो माझ्या हाताला होता. त्यांनी मला शिवी दिली नाही. म्हणाले, "तिले सांगजो नको, मी जेवनू नही म्हनीसन."

तेवढंच. मी सांगितलं नाही. तेव्हा मला वाटलं, भाऊंची विनंती पाळतो आहे, म्हणजे मी भला माणूस आहे.

माझं वाक्य गावभर झालं. भाऊंनी चाक सरळ करून घेतलं, पण नंतर सायकलवर बसलेले दिसले नाहीत. नाक्यावर पायी जात, भिंतीच्या कडेकडेने. शेटजी विचारत, "भाऊ, सायकल कुठे?" भाऊ हसत, पण आता शेटजींच्या नंतर. पुढे मी जळगावला आलो, संसारात पडलो. धुळ्याला गेलो तरी त्या गल्लीने गेलो नाही.

भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मात्र गेलो. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. मला त्यांनी ओळखलं. आवाजावरून, म्हणाल्या. चहा झाला. मग आपणहून बोलू लागल्या.

"वसंताभाऊ, तुमी ते तठे व्हतात. तुमले म्हाईत शे. मीच तूप जास्ती टाकं. डबा रिकामा येये, तशी मी आखो एक बट्टी वाढी दे. माले वाटे, जेवतंस ना, जेवू दे. मन्हाच हातनं जड व्हयनात ते, आनि पडनात."

मी म्हणालो, "वहिनी, तसं काही नसतं."

"लोके बी तेच म्हनेत," त्या म्हणाल्या. "तवयपासून मी घरमा बट्टी करी नही. त्यासनी बी कधी मांगी नही."

पंधरा-वीस वर्षं त्या घरात बट्टी झाली नव्हती. भाऊंनी मागितली नाही, कारण मागितली असती तर कदाचित त्या दिवसाचं बोलणं निघालं असतं, आणि मग वहिनींना कळलं असतं की पहिल्या दिवसानंतर त्यांचे डबे भाऊंनी तोंडाला लावले नव्हते. ते वहिनींना वाचवत होते आणि त्या स्वतःला दोष देत होत्या, आणि दोघांच्या मध्ये मी बसलो होतो. आणि तरी मी चहाचा कप खाली ठेवला, नमस्कार केला आणि स्टँडवर येऊन जळगावची गाडी पकडली.

वहिनी अजून आहेत. त्याच घरात, पुतण्याजवळ. मला त्यांच्यासमोर बसून, लाउडस्पीकरशिवाय, सांगायचं आहे की भाऊ तुमच्या तुपाने पडले नाहीत, ते उपाशी होते, त्यांना घास घ्यायची लाज मी वाटायला लावली, आणि पहिल्या दिवसानंतरचे तुमचे सगळे डबे मी खाल्ले. हे मी अजून सांगितलेलं नाही.