दुसऱ्या आवाजाचे इनास मेस्त

इनास मेस्त एसटीत कधी पहिले चढले नाहीत. आचऱ्याच्या थांब्यावर ते एकटेच असले की कंडक्टरला म्हणायचे, "तुमी जावा. कोण तरी फुडे चढलो तर मी येतंय." गाडी निघून जायची आणि मेस्त छत्री बगलेत मारून वाडीपर्यंत चालत यायचे. न्हाव्याकडे, रेशनच्या दुकानात, अगदी विहिरीवरसुद्धा यांचा नंबर दुसरा. विहिरीवर कोणी नसलं तर मला हाक मारायचे, "मास्तरानू, एक कळशी भरून जावा हो!" काय करणार, जायचो. शेजारधर्म!

मी सावंतवाडीचा. सिंधुदुर्ग जिल्हा नवा झाला त्या सुमाराला माझी या वाडीतल्या शाळेवर बदली झाली आणि मेस्तांच्या शेजारची खोली भाड्याने मिळाली. मेस्त म्हणजे चर्चमध्ये गाणं शिकवणारे, वाजवणारे, आणि वेळ पडली तर गाणाऱ्याच्या टाळक्यात व्हायोलिनचा गज घालणारे. साठी उलटलेला, काडीसारखा माणूस. रोज सकाळी दारात उभे राहून गायचे, आणि ते इतकं बेसूर लागायचं की देवळात भजनाला पेटी वाजवणारा मी कानात बोटं घालून बसायचो.

एक दिवस राहवेना. म्हटलं, "मेस्तानू, ही चाल जरा चुकते का हो?"

त्यांना माझी कीवच आली. "ही चाल न्हयच. हो दुसरो आवाज. चालीच्या खालसून चलता. पयल्याक आधार देवचो, फुडे जावचां नाय. देवाकडे मागणां एकट्याचां चलता मास्तरानू, गाणां दोघांचां."

"मग पहिला आवाज कोणाचा?"

"फिलूचो."

फिलू म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी आपला गुपचूप घरात आलो.

मेच्या सुरुवातीला, खाडीकाठच्या खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, तिन्हीसांजेला लादाईन म्हणायची तिथे रीत होती. लादाईन म्हणजे मारियेची लांबलचक विनवणी, दोन आवाजांत गायची, आणि मग उकडलेले चणे वाटायचे. मी चण्यांसाठी गेलो होतो. उगाच खोटं कशाला बोलू? मेस्त व्हायोलिन घेऊन उभे होते. त्यांच्या डाव्या हाताला एका माणसापुरती जागा रिकामी होती आणि तिच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. त्यांनी दुसरा आवाज लावला. बाकी सगळे तोंड मिटून उभे. शब्द लॅटिन, मला ओ की ठो कळेना. वारा साफ पडला होता.

आणि त्या रिकाम्या जागेतून मला बाईचा आवाज ऐकू आला. बारीक, स्वच्छ, मेस्तांच्या सुराच्या जरासा वर. आजूबाजूला पाहिलं तर बायाबापड्या डोळे मिटून उभ्या, कोणाला काही नवल नाही. रोज कानावर पडणारं ते बेसूर गाणं आता असं पुरं झालं होतं, की देव समोर येऊन ऐकत असेल तर नवल वाटू नये. माझे हात कधी जुळले ते मलाच कळलं नाही.

घरी येऊन स्वतःला समजावलं, ओळखीच्या चालीत जे राहिलं असेल ते आपले कानच भरून काढतात. पण अरे शहाण्या, चाल ओळखीची होती कुठे?

सकाळी ओसरीवर पेटी काढून ती चाल वाजवत बसलो. आमच्या शाळेतल्या इस्तेलबाई, चर्चमध्येही त्या गायच्या, रस्त्याने चालल्या होत्या. थबकल्या.

"पयलो आवाज तुमका कोणी शिकवलो, मास्तर?"

"काल ऐकला."

"आणि तिसऱ्या ओळीत मदीच थांबतास कित्याक?"

"ती थांबली म्हणून."

इस्तेलबाई पांढऱ्याफटक पडल्या. "थंय फकत फिलूमावशी थांबी, तरणी होती तेवापासून," म्हणाल्या, आणि कपाळाला बोट लावून खुरीस करत चालत्या झाल्या.

पुढच्या वर्षी नवे फादर आले. भले गृहस्थ, पण शिस्तीचे. लादाईनच्या आदल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "देवाच्या स्तुतीत अर्धं गाणं चालायचं नाही. यंदा पहिला आवाज इस्तेलबाई म्हणतील. मेस्तांना पटत नसेल तर त्यांनी आता आराम करावा."

जन्मात कोणाच्या पुढे न गेलेले मेस्त गर्दीतून वाट काढत फादरांसमोर उभे राहिले. "फादर, जागो भरलो तर ती खंय उभी रवतली? तिका वाटात, आपलां काम संपलां. एकदा गेली तर परत येवची नाय ती."

फादर बधले नाहीत.

लादाईनच्या संध्याकाळी इस्तेलबाई रडवेल्या चेहऱ्याने त्या जागेच्या अगदी कडेला उभ्या राहिल्या. मेस्तांनी डोळे मिटून सूर लावला. बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पहिला आवाज आधीच सुरू झाला होता. फादरांनी बाईंच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, मग त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे, आणि हातातलं पुस्तक कधी उलटं झालं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. नंतर त्यांनी मुकाट्याने तीन वेळा चणे मागून घेतले. हुकमाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

सगळे चण्यांत गुंतलेले पाहून मेस्तांनी मला बाजूला ओढलं. कुजबुजत म्हणाले, "मास्तरानू, ती इली?"

"म्हणजे काय? तुमच्या तर कानाशी होती!"

"माका कधीच आयकाक येवक नाय. सगळ्यांका येता. माका एकदाय नाय." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "गाववाले माका बरां वाटूचां म्हणान सांगतले. तुमी तिका वळखी नाय होतास. तुमी सांगा. मदी खोकली काय ती?"

मग त्यांनीच सांगितलं. शेवटची दोन वर्षं फिलूची छाती पार गेली होती. एक ओळ धड पुरी होत नसे. तरी हट्टाने खुरसासमोर उभी राहायची, आणि तिचा खोकला लोकांना कळू नये म्हणून मेस्त आपला आवाज चढवायचे.

मी नीट आठवलं. इथे चुकून चालणार नव्हतं.

"नाही, मेस्तानू. एकदाही नाही. आवाज अगदी मोकळा होता."

"मोकळो?"

"मोकळा."

मेस्त खुरसाच्या पायरीवर मटकन बसले आणि चारचौघांत, लाज न धरता, ढसाढसा रडू लागले.

"मगे बरी आसा ती," म्हणाले. "बरी आसा."