सोफ्यामागचं बटण

वायरी जोडायला अक्कल लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझं घर बघावं. पंखे, दिवे, दारावरची घंटा, सगळं मीच जोडलंय. घंटा दाबली की बाथरूमचा दिवा लागतो, ही गोष्ट वेगळी. कुणीतरी आलंय हे कळल्याशी मतलब.

तर जावयाने सबवूफर आणून दिला. आमच्या जुन्या स्पीकरना न झेपणारा खर्ज काढणारं हे खोकं. जावई ध्वनियंत्रणेच्याच धंद्यातला. म्हणाला, "बाबा, रविवारी येऊन जोडून देतो."

"जावईबापू, तुम्ही पाच वाजता नुसतं ऐकायला या. वाजलं नाही, तर माझी हत्यारांची पेटी तुमची."

ही पेटी मी सख्ख्या भावालाही उघडू दिलेली नाही.

रविवारी तीन वाजता खोकं सोफ्यामागे ठेवलं, त्याची वायर ॲम्प्लिफायरमध्ये खुपसली, सोफ्यामागच्या भिंतीवरचं त्याचं बटण सुरू केलं आणि चष्मा आणायला आत गेलो. परत येऊन गाणं लावलं. स्पीकर गायला लागले. खोकं मात्र रुसलेल्या मामासारखं गप्प.

वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. गप्प. तिसऱ्या. गप्प. पुन्हा पहिल्या भोकात. खोक्यामागची आवाजाची चकती शेवटपर्यंत पिळली. तरी गप्प. बटणाकडे बघायचा प्रश्नच नव्हता. ते मी जातीने सुरू केलं होतं.

"अहो, मेकॅनिकला बोलावू का?" बायकोने विचारलं.

"तो पाचला येतोच आहे. तेच तर संकट आहे."

जावई आला. सोफ्यामागे वाकला. टक्.

पुढे काय झालं ते ऐकू आलं नाही, अंगात शिरलं. कपबश्या टेबलावरून चालू लागल्या. माझी कवळी एकटीच बोलायला लागली. भिंतीवरची पाटी खिळ्यासकट खाली आली.

जावयाने चकती उलटी फिरवली.

"बटण बंद कुणी केलं होतं?" मी गरजलो.

"मी," बायको म्हणाली. "तुम्ही चष्मा आणायला गेलात, खोलीत कुणी नव्हतं." आणि तिने पडलेली पाटी माझ्यापुढे धरली. अक्षर माझंच, तीस वर्षांपूर्वीचं: 'खोली सोडताना बटण बंद करावे. सबब सांगू नये.'

जावई पेटी घेऊन गेला. नको नको म्हणत, पण घट्ट धरून.

पाटी अजून भिंतीला टेकून उभी आहे. खिळा सापडलाय. हातोडीसाठी मात्र जावयाला फोन करावा लागेल.


बायकोने मघाशीच नंबर लावून दिलाय.